गॅप पडलाय म्हणजे काय झालंय?

माझ्या आत्याने अकरा वर्षं जमिनीवर बसणं सोडलं होतं. लग्नाकार्यात पंगत बसली की ती कडेच्या खुर्चीत, ताट मांडीवर घेऊन. गणपतीत घरच्या सगळ्या बायका मोदक वळायला गोल करून बसायच्या आणि आत्या दारात उभी राहून सारण पुरेल की नाही ते बघायची. ये ना, बस ना, म्हटलं की उत्तर ठरलेलं. "माझ्या मणक्यात गॅप पडलाय ना."

अकरा वर्षांपूर्वी तिची कंबर धरली होती. एका दवाखान्यात कुणीतरी फिल्म उजेडासमोर धरून तिला हा गॅप दाखवला आणि सांगितलं, की आता वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, दोन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, नाहीतर ऑपरेशनला पर्याय नाही. ती कंबरदुखी दीड महिन्यात थांबली. सूचना मात्र आयुष्यभराच्या झाल्या. या प्रकरणाची सुरुवात मी या एका शब्दापासून करतो आहे, कारण कंबर बरी होण्याच्या आड दुखण्याइतकीच भीती येते, आणि मराठी घरांत त्या भीतीचं नाव बहुतेक वेळा 'गॅप' असतं.

एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं आणि दोन मणक्यांमधली गादी दिसतच नाही. तिच्या जागी काळी पट्टी दिसते. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, गादी चपटी होते आणि ती काळी पट्टी अरुंद होते. लोक ज्याला गॅप पडला म्हणतात त्यात बहुतेकदा अंतर वाढलेलं नसतं, कमी झालेलं असतं. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती फट. भिंतीला पडावी तशी, आणखी एखादं ओझं पडलं की रुंदावणारी.

मग एमआरआय आला आणि भीतीला बारकावे मिळाले. गादी फुगलीय, सरकलीय, फाटलीय, नस दबलीय. अहवालातला प्रत्येक शब्द खरा असतो, आणि तरी त्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं म्हणता येत नाही. १९९४ साली अमेरिकेत एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना कोण दुखणाईत, कोण धडधाकट हे कळू दिलं नाही. त्या धडधाकट माणसांपैकी ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांची गादी एका ठिकाणी चक्क बाहेर डोकावत होती. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० निरोगी माणसांची माहिती एकत्र केली गेली. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या तरुणांमध्ये ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजू लागलेल्या होत्या; ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. म्हणजे मणक्याची झीज ही केस पिकण्यासारखी आहे. ती दिसते, वयाबरोबर वाढते, आणि तिच्यामुळे माणूस दुखतोच असं नाही.

मी हे सांगतो तेव्हा काहीजण दुखावतात. म्हणजे आमचं दुखणं खोटं का, असं विचारतात. मुळीच नाही. कंबरेतून निघून कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी ती कळ ज्याने सोसली आहे, शिंक येईल या धास्तीने ज्याने श्वास रोखून धरला आहे, त्याला हे सांगायचं धाडस कुणी करू नये. प्रश्न दुखणं खरं की खोटं हा नाही. दुखणाऱ्या जागेचं पुढे काय होतं, हा आहे. आणि तिथे शरीराने लपवून ठेवलेली एक गोष्ट आहे.

आपल्या पाठीत अशा २३ गाद्या असतात. गादीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या पदरांचा, आणि प्रत्येक पदरातले तंतू शेजारच्या पदराला तिरके, बाजेच्या सुतळीच्या विणीसारखे. आतला गर तरुणपणी ताडगोळ्यासारखा, बहुतांश पाणीच. वीण कुठे कमकुवत झाली की गर त्या बाजूला ढकलला जातो आणि कधी बाहेर येतो. कंबरेत हे बहुधा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये किंवा पाचव्याच्या खाली घडतं, आणि तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसा निघतात. मिक्स्टर आणि बार या बॉस्टनच्या दोन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये हा संबंध जगापुढे मांडला. पाय दुखतो कारण गादीचा तुकडा नस दाबतो, तुकडा काढा, पाय मोकळा होईल. त्यानंतर कितीतरी दशकं कंबरेवरच्या उपचारांचा विचार याच एका चित्राभोवती फिरत राहिला.

चित्र चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की गादीतला गर नसेवर नुसता ठेवला, जराही दाब न देता, तरी नस बिघडते. म्हणजे पायात जे पेटतं त्यात दाबाचा वाटा आहे तसा दाहाचाही आहे. आणि दाह शमू शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की बाहेर आलेला गर शरीराच्या पहारेकऱ्यांना परका वाटतो. तो आयुष्यभर बंद कोषात राहिलेला असतो, रक्ताची आणि त्याची ओळखच झालेली नसते. तो बाहेर पडताच त्याच्याभोवती नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी येतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात.

तुकडा जितका मोठा आणि गादीपासून जितका सुटा, तितका तो जास्त करून विरघळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांमध्ये पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आक्रसले होते, बाहेर घरंगळलेला पण गादीला धरून असलेला गर ७० टक्के वेळा, तर नुसती फुगलेली गादी फक्त १३ टक्के वेळा. अहवालात सर्वांत भयानक दिसणाऱ्या प्रकाराला शरीराकडून सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. ज्यांच्या हातात असा अहवाल पडला असेल, त्यांनी ते फिल्मच्या पाकिटावर लिहून ठेवावेत.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायची रीत होती. पायाकडून जन्मलेल्या माणसाने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका पायाळू काकूंना लोक सकाळी सकाळी हाक मारायला यायचे. आणि खरंच, दोन-चार दिवसांत माणूस कामाला लागायचा. साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या काळात जे काही केलं त्याला यश मिळतं. पण त्या रिवाजात एक शहाणपण होतं. काकू कुणाला घाबरवत नसत. "जाईल हो, उठ आता," एवढंच म्हणत.

मग शस्त्रक्रियेचं काय? तिच्याबद्दल मला वैर नाही, आणि वाचकानेही धरू नये. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांवर नाही. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया केलेले स्पष्टपणे पुढे होते. चौथ्या वर्षी फरक नाममात्र उरला. दहाव्या वर्षी दोन्ही गट सारखेच. नेदरलँड्समध्ये २००७ साली २८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पुन्हा तेच दिसलं. ज्यांच्यावर लवकर शस्त्रक्रिया झाली त्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवू नये. म्हणजे बहुतेकांना शस्त्रक्रिया वेळ विकत घेऊन देते. ज्याला दोन महिने बिछान्यात तळमळणं शक्य नाही, ज्याची रोजी बुडते आहे, त्याला तो वेळ फार मोलाचा असू शकतो. पण हा निर्णय विचाराने घ्यायचा असतो, फिल्मकडे बघून घाबरून नाही.

याला अपवाद आहेत, आणि त्यांत दिरंगाई परवडत नाही. मज्जारज्जूच्या टोकाला नसांचा एक झुपका असतो. घोड्याच्या शेपटासारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नावच तसं आहे. तो दबला तर लघवी अडते किंवा नकळत होते, आणि सायकलच्या सीटवर बसताना अंगाचा जो भाग टेकतो तो बधिर होतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. पाऊल उचलता येईनासं झालं, चालताना चप्पल निसटू लागली, टाचांवर चालून बघितलं आणि पाय साथ देईना, तरीही थांबायचं नाही. साठी-सत्तरीतल्या बाईला बादली उचलताना किंवा जरा धक्का लागून पाठीत एकदम असह्य कळ आली, तर ठिसूळ झालेला मणका दबला असण्याची शक्यता तपासायची. कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नव्याने सुरू झालेली पाठदुखी साधी समजायची नाही.

आणि आपल्या देशात क्षयरोग. आडवं पडूनही न थांबणारी, रात्री जास्त ठणकणारी पाठ, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, हे दिसलं की मणक्याच्या टीबीचा विचार करायलाच हवा. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यविशारदाने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. या आजारातही शस्त्रक्रिया टाळण्याचा एक मार्ग भारतातून दाखवला गेला. एके काळी मणक्यातला सडलेला भाग कापून काढणं हाच खरा उपाय मानला जाई. बनारस हिंदू विद्यापीठातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये 'मध्यम मार्ग' नावाने आपल्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले. आधी टीबीची औषधं आणि योग्य विश्रांती, आणि ज्यांना त्याने गुण येत नाही किंवा ज्यांच्या पायांतली ताकद परत येत नाही त्यांच्यावरच शस्त्रक्रिया. पुष्कळ रुग्ण औषधांवरच बरे झाले. सुसज्ज शस्त्रक्रियागृहं मोजकी आणि रुग्ण अमाप, अशा मुलखात काम करताना सुचलेला हा विचार पुढे जगभर वापरला गेला. पाठीच्या इतिहासात तुलींचं नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते.

हे अपवाद नाहीत अशी खात्री डॉक्टरांकडून झाली, की उरलेलं काम बरंचसं आपल्या हातात येतं.

पहिली गोष्ट, अंथरूण धरू नये. पूर्वी तीन-तीन आठवडे फळीवर झोपवून ठेवत. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांची, कंबर धरल्यावर, तीन गटांत विभागणी केली. एकाला दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपतील तशी रोजची कामं करत राहायला सांगितलं. सर्वांत लवकर सुधारला तो तिसरा गट, सर्वांत हळू अंथरुणातला. कळ फारच असेल तर दिवसातून काही वेळ आडवं व्हावं, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, शेक घ्यावा. पण तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात चालावं. दुखलं म्हणजे बिघडलं असं नसतं. झोपायला जमीन किंवा लाकडी फळीच हवी, हाही समज सोडायला हरकत नाही. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ जणांवर झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला.

दुसरी गोष्ट सकाळची. रात्री आडवं असताना मणक्यांतल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. त्यातली निम्मी उंची उठल्यावर पहिल्या तासाभरातच उतरते. तोपर्यंत गादी टरारलेली असते आणि कमरेत वाकलं की विणीवर सर्वांत जास्त ताण येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत जुनी कंबरदुखी असलेल्यांना फक्त एवढंच शिकवलं, की उठल्यावर पहिले काही तास कमरेत वाकायचं नाही, आणि त्यांचं दुखणं लक्षणीय कमी झालं. आता आपल्या घरातली पहाट आठवून बघा. अंथरुणं गोळा करायची, केरसुणी घेऊन ओणव्याने झाडायचं, नळाला पाणी आलं की खाली वाकून हंडे भरायचे आणि उचलायचे. वाकण्याची सगळी कामं नेमकी त्याच तासाला, आणि बहुतेक घरांत ती एकाच बाईच्या वाट्याला. लांब दांड्याचा झाडू, हंड्याऐवजी नळी, अंथरुणांच्या घड्या घालायला घरातलं दुसरं कुणी. हे बदल गोळीपेक्षा स्वस्त आहेत. ज्यांना सकाळी आसनं करायची सवय आहे त्यांनी पुढे वाकण्याची आसनं तासाभराने करावीत.

तिसरी, दुखण्याची दिशा ओळखणं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी १९५६ मधला एक प्रसंग सांगितला आहे. पायापर्यंत कळ जाणारा एक रुग्ण त्यांनी सांगितल्यावर तपासणीच्या टेबलावर पालथा झोपला. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तो काही मिनिटं पाठ मागे वळलेल्या अवस्थेत पडून राहिला. मॅकेंझी परत येऊन बघतात तर तो म्हणाला, आठवड्यांत पहिल्यांदाच पाय दुखत नाहीये. त्यातून मॅकेंझींची पद्धत उभी राहिली. पालथं झोपायचं, कोपरांवर टेकायचं, मग हळूहळू हात सरळ करत छाती उचलायची, भुजंगासनाच्या जवळ जाणारं. यात लक्ष ठेवायचं ते कळ कुठे सरकते याकडे. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कंबरेत आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी हे सुधारण्याचं लक्षण. कळ खाली पायाकडे उतरू लागली तर ती हालचाल तुमच्यासाठी नाही. म्हातारपणी मणक्यातली वाट अरुंद झालेल्यांचं तर अगदी उलटं असतं. उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसलं की मोकळे होतात. त्यांना मागे वळायला लावणं म्हणजे त्रास वाढवणं. शेजाऱ्याला गुण आलेला व्यायाम म्हणून आपल्याला येईल असं नसतं, म्हणून निदान एकदा तरी फिजिओथेरपिस्टने तपासून व्यायाम ठरवावेत.

योगासनांविषयी अभिमानाने बोललं जातं, त्यात तथ्य आहे, पण जितकं आहे तितकंच सांगतो. पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरून ताठरलेल्या शरीरांनाही जमतील अशी आसनं बसवली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अय्यंगार परंपरेतल्या शिक्षिकेने आखलेल्या १२ आठवड्यांच्या वर्गाने जुन्या कंबरदुखीतही माणसं अधिक हालती-फिरती झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत योगवर्ग आणि साधे ताणाचे व्यायाम सारखेच गुणकारी ठरले. म्हणजे जे आवडेल, जवळ असेल आणि वर्षभर टिकेल ते करावं.

आणि चालणं. ऑस्ट्रेलियात २०२४ साली, नुकतीच कंबरदुखी बरी झालेल्या ७०१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. त्यांना पुन्हा कंबर धरण्यापूर्वी मधला चांगला काळ साधारण २०८ दिवसांचा मिळाला. काहीच न केलेल्यांना ११२ दिवसांचा. याला लागल्या फक्त चपला आणि रस्ता.

कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन यांच्यावर आपल्याकडे किती पैसा आणि किती दुपारी खर्च होतात! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामकं नेहमीच्या उपचारांत देऊ नयेत असं म्हटलं आहे. व्यायाम, माहिती देणं, मन सावरायला मदत, मालिश यांना जागा दिली आहे. पॅरासिटामॉलने उसण लवकर बरी होत नाही, हे २०१४ मध्येच दिसलं होतं. दाह कमी करणाऱ्या गोळ्या काही दिवस उपयोगी पडतात, पण ज्यांना आम्लपित्त, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

आत्याला मी हे आकडे सांगितले नाहीत. तिला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे नेलं. तिने आत्याची जुनी फिल्म बाजूला ठेवली, पाय उचलून पाहिले, टाचांवर चालायला लावलं आणि म्हणाली, "मावशी, कंबर चांगली आहे तुमची. फक्त तिला कामाची सवय राहिली नाहीये." पहिले पंधरा दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचं. मग चौरंगावर बसायचं. मग चौरंगाऐवजी पाट. पाटावर बसली त्या दिवशी आत्या रडली, आणि दुसऱ्या दिवशी कंबर दुखते म्हणून घाबरून फोन केला. ती मुलगी म्हणाली, अकरा वर्षांनी बसलात, दुखणारच, परवा पुन्हा बसा.

त्या वर्षी गणपतीला आत्या मोदकांच्या गोलात भिंतीला पाठ लावून बसली. थोड्या वेळाने तिने भिंत सोडली, पुढे सरकली आणि आईला म्हणाली, "वहिनी, ती उकडीची परात इकडे घे बघू, तुझ्या कळ्या जाड येतायत."